मॉरिशसच्या लाटसाहेबाची कोठी



परदेशीं गेलेला मनुष्य जुने वाडे आणि कोठ्या बहुधा दाखवणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतो. दिवाणखाना किती हात लांब, झुंबरें कोठून आणलीं, कोणत्या पलंगावर कोणती बाईसाहेब निजली, इतकें ऐकून तो बाहेर पडतो आणि चार दिवसांत तें सारें विसरतो. मींहि अनेक कोठ्या अशाच पाहिल्या आणि अशाच विसरून गेलों. पण मॉरिशसमधील एक कोठी मात्र मला विसरतां येत नाहीं. त्याला कारण त्या कोठीचें वैभव नव्हे. तेथें माझ्याबरोबर आलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या पिशवींतला एक कागद हें त्याचें कारण होय.

या कोठीचें नांव ‘ल रेद्युई’. पोर्ट लुईस या राजधानीच्या बंदरापासून दक्षिणेस, मोका नांवाच्या थंड हवेच्या भागांत ती उभी आहे. आधीं फ्रेंच गव्हर्नर, मग इंग्रज गव्हर्नर आणि आतां प्रजासत्ताक मॉरिशसचे राष्ट्राध्यक्ष, असे तिचे धनी बदलत आले. एरवी तिच्या फाटकावर पहारा असतो. वर्षांतल्या ठराविक एकदोन रविवारींच सामान्य माणसाला आंत जातां येतें. माझ्या सुदैवानें तसा एक रविवार माझ्या मुक्कामांत आला.

माझे यजमान एक निवृत्त मराठी शिक्षक होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना सारे गुरुजी म्हणत. मीहि तेंच म्हणूं लागलों. त्या बेटावर आपल्याला मराठी म्हणवून घेणारीं हजारों माणसें आहेत, हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक नसतें. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकांत बहुतेक कोंकणांतून व घाटावरून मुंबईच्या बंदरांत आले आणि तेथून जहाजांत चढले. त्यांच्या घरांत आतां क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थीला सबंध बेटाला सुटी असते, कास्काव्हेल गांवीं विठ्ठलाचें देऊळ आहे, आणि कोंकणांतली जाखडी तेथें ‘झाकरी’ या नांवानें अजून नाचतात. आडनांवें मात्र पार बदललीं. कारकुनानें बापाचें पाळण्यांतलें नांव ऐकूं आलें तसें लिहून घेतलें, आणि तेंच पुढें कुळाचें आडनांव होऊन बसलें.

त्या रविवारीं आम्ही रोझ-हिलहून मेट्रोगाडींत बसून निघालों. गुरुजींनीं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि कांखेंत एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. पिशवींत काय आहे असें विचारतां ते म्हणाले, “तें आंत गेल्यावर दाखवीन. येथें नको.”

फाटकांतून आंत शिरल्यावर दुतर्फा मोठमोठे वृक्ष लागतात, आणि मग एकाएकीं समोर विस्तीर्ण हिरवळ येते. हिरवळीच्या टोंकाला पांढरी, ऐसपैस, ओळीनें खांब असलेल्या लांबलचक पडवीची ती इमारत. खरें सांगावयाचें तर आपल्याकडच्या संस्थानिकांचे राजवाडे पाहिलेल्या माणसाला ती कांहीं दिपवून टाकीत नाहीं. तिची खरी शोभा तिच्या जागेंत आहे. कोठीच्या मागें बाग हळूहळू निमुळती होत जाते. दोहों बाजूंस खोल दऱ्या, त्यांच्या तळाशीं नद्या, आणि जेथें त्या दऱ्या एकमेकींस मिळतात तेथें जमीन संपते. त्या टोंकाला फ्रेंचांनीं नांव दिलें आहे, त्याचा अर्थ ‘पृथ्वीचा शेवट’. आपल्या डोंगरी किल्ल्यांची ज्याला सवय आहे, त्याच्या मनांत तेथें उभें राहतांच माची हा शब्द आल्यावांचून राहणार नाहीं.

आणि ती कल्पना चुकीची नाहीं. कारण ‘रेद्युई’ म्हणजे शब्दशः बालेकिल्लाच. बाहेरचा तट पडला म्हणजे शेवटीं जेथें आश्रय घ्यावयाचा ती जागा. ही जागा कोणाच्या भीतीनें बांधली हें पाहूं लागलें तर आपण थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर येतों. या बेटाचें नांव त्या वेळीं ‘ईल द फ्रांस’ असें होतें. १७३५ मध्यें तेथें गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बूर्दोने यानें पोर्ट लुईसचें बंदर बांधलें, आणि त्याच बंदराच्या बळावर आरमार घेऊन १७४६ मध्यें त्यानें इंग्रजांचें मद्रास जिंकलें. डुप्लेचें आणि त्याचें मग कसें भांडण जुंपलें, तें शाळेंत आपण सर्वांनीं वाचलें आहे. मद्रासचा सूड इंग्रज घेणार हें उघडच होतें. १७४८ मध्यें बोस्कावेन हा इंग्रज आरमारी सेनापति पांडेचरीवर जातांजातां या बेटासमोर येऊन ठेपला. परंतु किनारा मजबूत आहे असें पाहून उतरण्याचा बेत सोडून पुढें गेला. ला बूर्दोनेनंतर गव्हर्नर झालेल्या दावीद यानें त्याच वर्षीं ‘ल रेद्युई’चें काम काढलें. उद्देश असा कीं, पुन्हां शत्रूचीं गलबतें आलीं तर फ्रेंच कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना व मौल्यवान चीजवस्तूंना या दोन दऱ्यांमध्यें सुरक्षित ठेवतां यावें.

बायकामुलें म्हणजे अर्थात् गोऱ्यांचीं. त्या वेळीं बेटावरील बहुसंख्य लोक मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून आणलेले गुलाम होते; कांहीं हिंदुस्थानांतूनहि नेलेले होते. बालेकिल्ल्याच्या योजनेंत त्यांच्यासाठीं जागा नव्हती.

पुढें गंमत अशी झाली कीं, बालेकिल्ल्याचा लवकरच बगीचा झाला. १७५३ मध्यें आलेल्या ओब्ले या वनस्पतिशास्त्रज्ञानें येथें देशोदेशींचीं झाडें लावलीं. त्याच वेळीं प्वाव्र नांवाचा दुसरा एक खटपट्या गृहस्थ डचांच्या मक्त्यांतून चोरून आणलेलीं जायफळाचीं रोपें या बेटावर रुजवण्याच्या नादांत होता. दोघांचें हाडवैर जुंपलें. हीं रोपें खऱ्या जायफळाचीं नव्हतच, असें ओब्लेचें म्हणणें. आणि ओब्लेनेंच माझीं रोपें मारलीं, असा प्वाव्रचा आरोप. पण एका रोपट्यासाठीं दोन पंडितांनीं एकमेकांच्या उरावर बसावें, यांत त्या काळच्या मसाल्याच्या व्यापाराचें सबंध मर्म आहे. लाकडाची पहिली कोठी पुढें खिळखिळी झाली, तेव्हां १७७८ च्या सुमारास गव्हर्नर ला ब्रियान यानें ती नव्यानें उभारली.

आणि ज्या प्रसंगासाठीं हा सारा खटाटोप केला, तो प्रसंग अखेर १८१० मध्यें आला. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रजांचें सैन्य बेटाच्या उत्तर टोंकाला उतरलें, त्यांत आपले हिंदी शिपाईहि होते. आणि ३ डिसेंबरला फ्रेंचांनीं बेट स्वाधीन केलें. दऱ्यांमधल्या बालेकिल्ल्याचा कांहींएक उपयोग झाला नाहीं. इंग्रजांनीं अटी मात्र सौम्य ठेवल्या. फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, भाषा, धर्म, मालमत्ता सारें तसेंच राहूं दिलें. म्हणूनच दीडशें वर्षें इंग्रज गव्हर्नर राहूनहि कोठीचें नांव फ्रेंचच राहिलें. बेटाचा ध्वज बदलला. मळ्यांचे धनी बदलले नाहींत.

हें सारें गुरुजी मला पडवीच्या पायऱ्यांजवळ उभे राहून सांगत होते. आमच्या आजूबाजूला रविवारची गर्दी होती. नवीं वस्त्रें ल्यालेलीं मुलें हिरवळीवर लोळत होतीं. कोणी पडवींतल्या खांबाला टेकून छायाचित्र काढवून घेत होतें. क्रिओल, भोजपुरी, फ्रेंच असे सारे शब्द कानांवर येत होते. गुरुजी म्हणाले, “माझ्या लहानपणीं आम्ही याला लाटसाहेबाचा बंगला म्हणायचों. बैलगाडी घेऊन बापूस फाटकावरून जायचा. फाटकाच्या आंत काय आहे, तें त्याला मरेपर्यंत ठाऊक नव्हतें.”

मग त्यांनीं मला बाजूला, एका मोठ्या झाडाच्या सावलींत नेलें आणि पिशवींतून तो कागद काढला. सरकारी दप्तरांतल्या एका नोंदीची ती नक्कल होती. जवळच मोका येथें महात्मा गांधी संस्था आहे. मजुरांच्या जहाजांचीं, नांवांचीं, छायाचित्रांचीं जुनीं बुकें तेथें जपून ठेवलीं आहेत, आणि कोणीहि वंशज आपल्या पूर्वजाचा शोध तेथें घेऊं शकतो. कागदावर एक क्रमांक होता. नांव, बापाचें नांव, वय, उंची, आणि गांवाच्या रकान्यांत एक शब्द, जो दोनतीनदां मोठ्यानें वाचल्यावर ‘रत्नागिरी’ असा लागला. वरच्या कोपऱ्यांत छायाचित्र. तीस वर्षांचा एक काळासांवळा माणूस, डोक्याला फडकें, कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. पण पाहावें कसें हें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं.

“हा माझा पणजोबा,” गुरुजी म्हणाले.

हें छायाचित्र कां काढलें गेलें, हें कळल्यावांचून ‘ल रेद्युई’चा इतिहास पुरा होत नाहीं. १८३५ च्या फेब्रुवारींत बेटावरील गुलामगिरी रद्द झाली. गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून वीस लक्ष पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना कांहीं मिळालें नाहीं. सुटलेले लोक मळ्यांवर थांबेनात. परंतु ऊंस तर कापलाच पाहिजे. त्याची तजवीज आधींच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलस’ जहाजांतून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुईसला उतरले. करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये. पुढील पाऊणशें वर्षांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारें साडेचार लक्ष माणसें या लहानशा बेटावर आलीं. आणि तें बेट केवढें, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहूनहि लहान. बंदरावर उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून हे लोक आंत आले, त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आजहि आहेत. २००६ मध्यें जागतिक वारशांत त्यांची गणना झाली.

पांच वर्षांचा करार पुरा केला कीं मजूर मोकळा, असें कागदोपत्रीं होतें. पण मोकळा मजूर हा मळेवाल्याच्या डोळ्यांत खुपतो. तो भाजी पिकवतो, फेरी करतो, हवी तेवढी मजुरी मागतो. १८६७ मध्यें दोन गोष्टी एकदम घडल्या. हिवतापाच्या भयंकर सांथींत हजारों माणसें दगावलीं, आणि पोर्ट लुईसमधले धनिक मोका, क्यूरपीप अशा उंच थंड जागीं राहावयास पळाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच वर्षीं जुन्या मजुरांसाठीं एक कायदा झाला. करार संपलेल्या प्रत्येक मजुरानें छायाचित्र चिकटवलेलें ओळखपत्र आणि पोलिसांचा परवाना सतत अंगावर बाळगावा, आपल्या जिल्ह्याबाहेर परवान्यावांचून जाऊं नये. कागद जवळ नसला कीं तो भटक्या ठरला आणि त्याची रवानगी तुरुंगांत झाली. पत्र हरवलें तर नव्यासाठीं जबर फी. मळ्यावर निराळाच जाच होता. तेथें एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत.

गुरुजींच्या हातांतलें चित्र त्या कायद्याच्या काळांतलें. ज्याच्या मळ्यावर हा माणूस राबला, त्या घराण्याचीं तैलचित्रें कोठेंतरी भिंतीवर असतीलच. या माणसाचें एकच चित्र निघालें, आणि तें त्याला रस्त्यांत ओळखून अडवतां यावें म्हणून. तेंच आज त्याच्या पणतवानें कापडाच्या घडींत गुंडाळून या कोठीच्या अंगणांत आणलें होतें.

“मला तें येथेंच पाहावयाचें होतें,” एवढेंच ते म्हणाले.

आतां अर्जाची गोष्ट. अडोल्फ द प्लेव्हिट्झ या नांवाचा एक गोरा गृहस्थ नूव्हेल देकूव्हर्त येथें आपल्या सासऱ्याचा मळा पाहत असे. जुन्या मजुरांची चाललेली धरपकड त्याला पाहवेना. राजरत्नम् मुदलियार यांच्या मदतीनें त्यानें मजुरांच्या तक्रारी एकत्र केल्या, आणि १८७१ मध्यें ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा व निशाण्यांचा अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांस सादर झाला. गॉर्डन नुकताच या कोठींत राहावयास आला होता. मळेवाले खवळले. द प्लेव्हिट्झवर भर रस्त्यांत हल्ला झाला. त्याला बेटाबाहेर घालवून द्यावें असा उलट अर्ज मळेवाल्यांनीं केला. गॉर्डननें तो मानला नाहीं. १८७२ मध्यें विलायतेहून चौकशीसाठीं राजनियुक्त कमिशन आलें, १८७५ मध्यें त्याचा अहवाल निघाला आणि १८७८ मध्यें नवा मजूर कायदा झाला. जाच एका रात्रींत संपला असें कोणी समजूं नये. पण अंगठा उठवणाऱ्या माणसांचा शब्द या फाटकांतून आंत आला आणि तो ऐकून घ्यावा लागला, हें त्या बेटावर पूर्वीं घडलें नव्हतें.

“त्या नऊ हजारांत माझा पणजोबा असेल,” गुरुजी म्हणाले. मीं विचारलें, पुरावा? ते हंसले. “पुरावा नाहीं. पण नसेल असाहि पुरावा नाहीं ना?” शिक्षकानें विद्यार्थ्याला असें उत्तर दिलेलें चालतें, इतिहासाला मात्र तें चालत नाहीं, असें मीं मनांत म्हटलें, आणि गप्प राहिलों.

गॉर्डनविषयीं आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहींतर त्याचें चित्र उगीच उजळ होईल. मॉरिशसमधील मजुरांचा जाच ज्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिला, तोच गॉर्डन पुढें फिजी बेटांचा गव्हर्नर झाला, आणि १८७९ पासून तेथें हिंदी मजूर आणण्याची पद्धत त्याच्याच कारकीर्दींत सुरू झाली. गिरमिटाचा तो दुसरा अध्याय. फिजीच्या मूळ लोकांना मळ्यांच्या कामापासून वांचवावें असा त्याचा हेतु होता. एका लोकांची कणव दुसऱ्या लोकांच्या पाठीवर कशी बसते, याचें याहून स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

१९०१ च्या नोव्हेंबरांत एक तरुण हिंदी बॅरिस्टर गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचा एक रात्रीचा पाहुणा झाला. नाताळहून हिंदुस्थानास परततांना त्याचें जहाज पोर्ट लुईसला थांबलें होतें, आणि तो सुमारें तीन आठवडे बेटावर राहिला. हा बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी. गव्हर्नरांचें निवासस्थान त्या काळीं हेंच. आत्मकथेंत या मुक्कामाला त्यांनीं दोनतीन वाक्यांहून अधिक जागा दिलेली नाहीं. पण मॉरिशसच्या लोकांनीं तो विसरला नाहीं. १९०७ मध्यें मणिलाल डॉक्टर हे वकील तेथें गेले आणि त्यांनीं मजुरांचे खटले अंगावर घेतले, तें गांधींच्याच प्रेरणेनें. स्वतंत्र होण्याची तारीख ठरवतांना त्या लोकांनीं १२ मार्च निवडली, १९६८ सालची. १९३० मध्यें त्याच तारखेला दांडीयात्रा निघाली होती. प्रजासत्ताकहि झालें तें १९९२ च्या १२ मार्चलाच.

मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे बिहारमधून १८९६ मध्यें मजुरीसाठीं आलेल्या एका माणसाचे चिरंजीव. विलायतेंत डॉक्टर झाले, परत आले, राजकारणांत पडले. १९८३ मध्यें गव्हर्नर-जनरल होऊन या कोठींत राहावयास आले आणि १५ डिसेंबर १९८५ रोजीं येथेंच वारले. कंपनीच्या बायकामुलांसाठीं बांधलेल्या बालेकिल्ल्यांत एका मजुराच्या मुलानें अखेरचा श्वास घेतला, असें मीं म्हणतांच गुरुजी जरा कठोरपणें म्हणाले, “एकट्या रामगुलामांचें काय सांगतां? तो मोठा माणूस. आज आम्ही येथें वडे खात बसलों आहों, तें पाहा.” आणि खरोखरच समोर एक सबंध कुटुंब चटई पसरून डब्यांतले वडे खात बसलें होतें. पहारेकरी त्यांना कांहीं म्हणत नव्हता. फक्त कागद गवतांत टाकूं नका, एवढें सांगून गेला.

दुपार कलली तसे आम्ही बागेच्या टोंकाकडे, त्या ‘पृथ्वीच्या शेवटा’कडे गेलों. खालीं दोन्ही नद्यांचा आवाज येत होता. पाणी मात्र झाडींत दिसत नव्हतें. गुरुजींनीं कागद पुन्हां एकदां उघडला, कठड्यावर दोन्ही हातांनीं दाबून धरला, कारण वारा होता. मग कांहीं वेळानें चित्राकडे बोट दाखवून मला म्हणाले, “उंचीच्या रकान्यांत काय लिहिलें आहे, वाचा बरें. माझा चष्मा घरीं राहिला.”

मीं आकडा वाचला. फुटांचे सेंटिमीटर करून सांगितले.

“माझीहि तेवढीच,” ते म्हणाले, आणि कागदाची घडी घालूं लागले. तेवढ्यांत फाटक बंद होण्याची सूचना झाली, आणि आम्ही गर्दींतून परत निघालों.